निवृत्तीनंतरची नोकरी: एक डेल्टिक लोको आणि त्याचे उरलेले तास

२०११ च्या वसंतात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एक डिझेल लोको अल्युमिनाच्या मालगाड्या ओढत होता. अल्युमिना म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, जिच्यापासून पुढे ॲल्युमिनियम करतात. नॉर्थ ब्लिथ बंदरावर माल भरायचा, लाइनमथच्या कारखान्यात नेऊन रिकामा करायचा, पुन्हा परत. अंतर थोडं, काम कंटाळवाणं. तरी रुळांच्या कडेला माणसं कॅमेरे घेऊन उभी असायची, कारण पुढे जोडलेला लोको होता ५५०२२ क्रमांकाचा डेल्टिक, 'रॉयल स्कॉट्स ग्रे'. ब्रिटिश रेल्वेने २ जानेवारी १९८२ ला निरोपाची गाडी ओढायला लावून त्याला सेवेतून मोकळं केलं होतं. म्हणजे निवृत्तीनंतर एकोणतीस वर्षांनी गडी पुन्हा भाड्याच्या कामावर हजर, तेही मालगाडीवर. उमेदीच्या काळात हा लंडन-एडिंबराच्या मानाच्या एक्स्प्रेस ओढायचा.

एखाद्या हौशी माणसाने जुनी फियाट सांभाळली तर त्यात नवल नाही. पण शंभर टनांचा लोको, पोटात अठरा-अठरा सिलिंडरची दोन इंजिनं, आणि त्या इंजिनांचं उत्पादन थांबून कित्येक वर्षं झालेली. हे कोण सांभाळतं आणि कशाच्या जोरावर? मी कल्याणच्या डिझेल शेडच्या आवाजात वाढलो. पुढे नोकरीमुळे दोन वर्षं यॉर्कशरमध्ये होतो, तेव्हा शनिवार-रविवार याच प्रश्नात घालवले. जे समजलं ते इथे सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण गाडीला पुढे जोडतात त्यालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटात धडधडतं त्यालाही इंजिनच. या लेखात रुळावर धावणाऱ्या अख्ख्या यंत्राला लोको म्हणू, आणि आत डिझेल जाळणाऱ्या भागाला इंजिन. पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या वेगवेगळ्या नशिबाची आहे. लोको म्हणजे पोलादी सांगाडा, चाकं, केबिन. रंगरंगोटी आणि वेल्डिंग करत राहिलं तर तो शंभर वर्षं टिकेल. इंजिनाचं तसं नाही.

दोघांना जोडणारा दुवा विजेचा असतो. इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज खाली धुऱ्यांवर बसवलेल्या ट्रॅक्शन मोटारींना मिळते आणि मोटारी चाकं फिरवतात. डिझेल लोको म्हणजे स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन पळणारा विजेचा लोको. आपल्या भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल लोको तसेच आणि डेल्टिकही तसाच.

फरक आहे तो या वीजघराच्या वजनात. डेल्टिक बनवणाऱ्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनेच त्याच्या जरा आधी ब्रिटिश रेल्वेला जे मोठे डिझेल लोको दिले, ते पुढे क्लास ४० म्हणून ओळखले गेले. त्यांची ताकद २००० अश्वशक्ती आणि वजन १३३ टन. आपला डब्ल्यूडीएम-२ म्हणजे २६०० अश्वशक्ती आणि सुमारे ११३ टन. १९६१ साली आलेल्या डेल्टिकची ताकद ३३०० अश्वशक्ती आणि वजन फक्त शंभर टन, वर ताशी १०० मैल म्हणजे १६० किलोमीटर वेगाची परवानगी. असे बावीस लोको आले आणि त्यांनी पूर्व किनाऱ्याच्या मुख्य मार्गावरचे ५५ वाफेचे लोको घरी बसवले. लंडनच्या किंग्ज क्रॉसपासून एडिंबरापर्यंतचे ६३२ किलोमीटर १९६२ मध्ये सहा तासांवर आले.

हे बावीसही लोको लँकशरमधल्या न्यूटन-ले-विलोज गावच्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाले. हे नाव आपण विसरलोय, पण ते आपल्या ओळखीचं असायला हवं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारे साहेब, सिंध आणि सुलतान याच कारखान्यातून जहाजाने मुंबईला आले होते. शंभर वर्षांनी मुंबई-पुणे मार्गासाठी इंग्लिश इलेक्ट्रिकचे विजेचे लोको आले, त्यांचीही जन्मभूमी तीच.

नौदलाकडून आलेलं इंजिन

डेल्टिकच्या हलकेपणाचं रहस्य समुद्रावर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालत. पेट्रोलची टाकी आणि शत्रूची गोळी एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको. डिझेल सहजी पेटत नाही, पण तेव्हाची ताकदवान डिझेल इंजिनं इतकी जड की बोट वेगाने पळायची कशी? नौदलाने नेपिअर कंपनीला सांगितलं, हलकं डिझेल करून द्या.

नेपिअरने जे केलं ते कागदावर काढून पाहिलं तर आजही गंमत वाटते. नेहमीच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये एक दट्ट्या म्हणजे पिस्टन असतो आणि सिलिंडरच्या डोक्यावर झडपांचं जड झाकण. इथे झाकण काढूनच टाकलं. एकाच नळीत दोन टोकांनी दोन दट्टे समोरासमोर येतात, मधल्या जागेत हवा दाबली जाते, तिथे डिझेल फवारलं की स्फोट होतो आणि दोघे उलट दिशांना फेकले जातात. झडपाही नाहीत. नळीच्या भिंतीलाच भोकं आहेत. एका टोकाची भोकं ताजी हवा आत घेतात, दुसऱ्या टोकाची धूर बाहेर सोडतात, आणि दट्टे सरकताना ती आपोआप उघडतात, मिटतात.

आता दट्टे दोन म्हणजे दोन्ही टोकांना क्रँकशाफ्ट हवा. मग नेपिअरने तीन नळ्या त्रिकोणात मांडल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक क्रँकशाफ्ट ठेवला. तीन नळ्यांना सहा क्रँकशाफ्ट लागायचे तिथे तिनांत काम भागलं, कारण प्रत्येक कोपरा दोन नळ्यांत वाटून घेतलेला. त्रिकोणाचं टोक खाली, म्हणून ग्रीक अक्षर डेल्टावरून नाव पडलं डेल्टिक. असे सहा त्रिकोण एकामागे एक लावले की झाले १८ सिलिंडर आणि ३६ दट्टे.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. धुराची भोकं हवेच्या भोकांपेक्षा किंचित आधी उघडायला हवीत, नाहीतर ताजी हवा आत शिरायच्या वेळी आत धूरच भरलेला असतो. म्हणजे धुराकडचा दट्ट्या थोडा पुढे चालायला हवा. पण त्रिकोणात प्रत्येक कोपरा एका नळीसाठी हवेचा आणि दुसरीसाठी धुराचा. तिन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरवले तर एका बाजूचं जुळतं आणि दुसऱ्या बाजूचं बिघडतं. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी सुचवलं की खालचा क्रँकशाफ्ट उलटा फिरवा. तसं करून पाहिलं आणि तिन्ही बाजू जुळल्या. अशी उत्तरं सापडल्यावर इतकी सोपी दिसतात की आधी का सुचली नाहीत असं वाटतं.

ही टू-स्ट्रोक रचना आहे. म्हणजे प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट. पूर्ण वेगात मिनिटाला १५०० फेऱ्या, सिलिंडर अठरा, म्हणजे एका इंजिनात सेकंदाला साडेचारशे स्फोट. डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पूर्ण वेगातही सेकंदाला सव्वाशे-दीडशेच्या आसपास होतात. म्हणून आपल्याकडचं डिझेल कसारा घाटात धापा टाकताना ऐकू यायचं, आणि डेल्टिकचा मात्र सलग घुमणारा सूर लागतो. दोन इंजिनांची गती अगदी सारखी कधीच नसते. उभ्या लोकोजवळ कान दिला की दोन सूर एकमेकांवर घासून लाटा उठताना ऐकू येतात, जुळवता जुळवता सोडून दिलेल्या तानपुऱ्यासारख्या.

नौदलात हेच इंजिन २५०० अश्वशक्तीपर्यंत ताणत. रेल्वेसाठी ते १६५० वर आणलं, की जास्त टिकावं. दोन इंजिनांचे दोन जनरेटर विजेच्या वायरिंगमध्ये एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले. त्यातलं एक इंजिन वाटेत बंद पडलं तर सहाही मोटारींना करंट पूर्वीइतकाच मिळतो, व्होल्टेज तेवढं निम्मं होतं. भाषांतर करायचं तर गाडी ओढण्याचा जोर तोच राहतो, वेग कमी होतो. गाडी रानात उभी राहत नाही, उशिरा का होईना पोहोचते.

बिघडलं की बदला

आता येतो मुद्द्यावर. डब्ल्यूडीएम-२ च्या एका सिलिंडरमध्ये बिघाड झाला तर शेडमधले फिटर तेवढ्याच सिलिंडरचं हेड म्हणजे वरचं झाकण उचलतात, दट्ट्या बाहेर काढतात, नवा घालतात आणि लोको पुन्हा लाइनवर जातो. बाकीच्या पंधरांना हातही लागत नाही. डेल्टिकला उचलायला हेडच नाही. नळीच्या दोन्ही टोकांना क्रँकशाफ्ट, त्यांना जोडणारे गिअर, सगळं घट्ट एकात एक. एका दट्ट्यापर्यंत जायचं म्हणजे जवळजवळ अख्खं इंजिन सोडवायचं.

हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिल्यापासून पद्धत अशी ठरली की शेडमध्ये इंजिन उघडायचंच नाही. बिघडलं की छताचा भाग उचलायचा, इंजिन जनरेटरसकट क्रेनने वर काढायचं आणि त्या जागी तयार ठेवलेलं दुसरं बसवायचं. बिघडलेलं कारखान्यात जाईल, सावकाश दुरुस्त होईल आणि केव्हातरी तिसऱ्याच लोकोत बसेल. बावीस लोको, त्यांत चव्वेचाळीस इंजिनं, शिवाय राखीव. गॅसच्या सिलिंडरसारखा कारभार. तुमच्या घरी आलेला सिलिंडर तुमचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. लोकोला नाव होतं, इंजिनाला फक्त क्रमांक.

पद्धत चालली. १९७३ मध्ये या ताफ्यातल्या ९०१० क्रमांकाच्या लोकोने सेवेतले वीस लाख मैल पूर्ण केले. बारा वर्षांचा हिशेब केला तर रोज सरासरी साडेचारशे मैलांवर येतो. समजा मुंबईहून निघालात तर रोज जवळपास वर्ध्यापर्यंत, सुट्टी न घेता, बारा वर्षं.

नावांचं आलंच म्हणून सांगतो. एडिंबरा आणि न्यूकासलकडच्या शेडच्या लोकोंना लष्करी पलटणींची नावं दिली, लंडनच्या शेडमधल्यांना शर्यतीच्या घोड्यांची. त्यातला एक 'तुल्यार'. या घोड्याने १९५२ ची डर्बी जिंकली आणि त्याचे मालक होते तिसरे आगाखान, म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला तेच. आणि आपल्या 'रॉयल स्कॉट्स ग्रे'चं दैव बघा. २८ फेब्रुवारी १९६१ ला दाखल झालेला हा डी ९०००, ताफ्याचा पहिला क्रमांक. पुढे रेल्वेने संगणकाच्या सोयीसाठी नवे क्रमांक दिले तेव्हा संगणकाला शेवटी तीन शून्यं असलेला क्रमांक चालेना, म्हणून पहिल्याला उचलून रांगेच्या शेवटी टाकलं. झाला ५५०२२.

१९७० च्या दशकाच्या शेवटी एचएसटी नावाच्या नव्या, ताशी १२५ मैलांच्या गाड्या आल्या. मानाच्या फेऱ्या त्यांच्याकडे गेल्या, डेल्टिकच्या वाट्याला थांबत जाणाऱ्या गाड्या उरल्या. बावीस लोकोंसाठी वेगळ्या जातीचं महागडं इंजिन सांभाळणं रेल्वेला परवडेना. १९८० च्या जानेवारीत पहिले दोन काढले, १९८२ च्या जानेवारीत खेळ संपला. बहुतेक डाँकास्टरच्या कारखान्यात कापले गेले. सहा वाचले.

व्याज न मिळणारी ठेव

त्या सहांपैकी एक सरकारी संग्रहात गेला, बाकीचे हौशी लोकांनी घेतले. ब्रिटनमध्ये वाफेचे लोको वाचवण्याची चळवळ आधीपासून जोरात होती, पण डिझेल म्हणजे वाफेला मारणारा खलनायक. त्याला वाचवायचं म्हणणारे जरा विक्षिप्तच ठरायचे. तरी १९७७ मध्येच, डेल्टिक कामावर असतानाच, डेल्टिक प्रिझर्वेशन सोसायटी स्थापन झाली आणि वर्गणी जमू लागली. आज 'ॲलिसिडॉन', 'तुल्यार' आणि 'रॉयल हायलँड फ्युजिलिअर' हे तीन लोको तिच्याकडे आहेत. चेस्टरफील्डजवळ बॅरो हिलला १८७० चं गोल इंजिनघर आहे, मधोमध फिरता पाट आणि भोवती रूळ. त्याच आवारात सोसायटीची स्वतःची शेड आहे.

लोको वाचले, पण ती बदला-बदलीची पद्धत वाचली नाही. या अख्ख्या उद्योगाची दुखरी नस इथे आहे. हे यंत्र ज्या गृहीतकावर रचलं होतं, की बिघडलं तर मागे कारखाना आहे आणि तयार इंजिन आहे, ते गृहीतकच १९८२ मध्ये गेलं. वाफेच्या लोकोचा एखादा भाग मोडला तर लोहार, ओतारी आणि चांगला लेथवाला मिळून तो नव्याने करू शकतात. सबंध नवा वाफेचा लोको ब्रिटनमध्ये लोकांनी वर्गणीतून बांधलाय. नवं डेल्टिक इंजिन कोणी बांधणार नाही. हलक्या मिश्रधातूचे ब्लॉक, बारीक मापाचे लायनर, गिअरची गर्दी: हे गावच्या कारखान्यात होणारं काम नव्हे.

म्हणून जतन केलेल्या डेल्टिककडे शिल्लक असतात ते तास. प्रत्येक इंजिन आता किती तास चालेल याचा अंदाज असतो, आणि चाललेला प्रत्येक तास त्यातून वजा होतो. बँकेतल्या अशा ठेवीसारखं, जिच्यावर व्याज मिळत नाही आणि नवी भर जवळजवळ पडत नाही. भर पडते ती जुन्या सामानातून. रेल्वेने निकाली काढलेली इंजिनं आणि सुटे भाग जतनवाल्यांनी वेळीच घेऊन ठेवले होते. नौदलाची सुरुंगशोधक जहाजं पुढे बरीच वर्षं नऊ सिलिंडरचं धाकटं डेल्टिक वापरत होती. 'रॉयल स्कॉट्स ग्रे'च्या एका निकामी इंजिनाच्या जागी तर नॉर्वेच्या नौदलाच्या गस्तीनौकेचं डेल्टिक बदल करून बसवलं गेलं. रुळावरच्या लोकोसाठी समुद्रातून अवयव आणला, कारण रुळांवर दाता उरला नव्हता.

मला विचाराल तर यातला सगळ्यात अवघड निर्णय तांत्रिक नाहीच. तास खर्च कुठे करायचे, हा आहे. लोको शेडमध्ये झाकून ठेवला तर तास वाचतात, पण मग वर्गणी कोण देईल? आणि बंद पडून राहिलेलं यंत्र गंजतं, त्याची सीलं सुकतात. चालवला तर पैसे येतात, पण ठेव आटते. आपल्याकडे निवृत्त लोको स्टेशनबाहेर चौथऱ्यावर रंग लावून उभा करतात, आणि त्याचा हा प्रश्न एका दिवसात मिटतो. तिकडे तो मिटू दिलेला नाही.

बहुतेक वेळा तास खर्च होतात ते हेरिटेज रेल्वेवर. बंद पडलेल्या शाखामार्गांचे तुकडे स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केले आहेत. नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे, ग्रोजमंट ते पिकरिंग, २९ किलोमीटर, हा त्यातला नावाजलेला. डेल्टिक सोसायटीचे पहिले दोन लोको १९८२ मध्ये तिथेच गेले होते. अशा मार्गांवर कायद्याने कमाल वेग ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. शंभर मैलांच्या लोकोला पंचविसात चालवायचं म्हणजे धावपटूला लग्नाच्या वरातीत चालायला लावण्यासारखं.

बरं, हा फक्त मानापमानाचा प्रश्न असता तर चाललं असतं. डेल्टिकला मंद चाल मानवत नाही. दट्ट्यांना वंगण देणारं तेल थोडं थोडं धुराच्या भोकांतून पलीकडे निसटतं. इंजिन जोरात चालत असेल तर ते तिथल्या तिथे जळून जातं. नुसतं घुमत उभं असेल तर एक्झॉस्टमध्ये साचत राहतं. मग कधीतरी हँडल पुढे ढकललं की साचलेलं तेल तापतं, आणि निळसर पांढऱ्या धुराचा लोट, क्वचित ज्वाळाही, छतातून वर. किंग्ज क्रॉस स्टेशनचं छत या धुराने भरून जायचं. तेव्हा प्रवासी नाक मुरडायचे. आता त्याच धुरासाठी माणसं तिकीट काढून येतात, फलाटाच्या टोकाला उभी राहतात आणि लोट उठला की टाळ्या वाजवतात. त्याला त्यांच्यात 'क्लॅग' असा खास शब्दही आहे. पर्यावरणवाद्यांनी या वाक्याकडे कृपया दुर्लक्ष करावं.

त्यात एक सोय आहे. हलकी गाडी, सपाट मार्ग असेल तर एकच इंजिन चालू ठेवता येतं, दुसऱ्याचे तास वाचतात. मघाशी सांगितलेली सिरीजची जोडणी इथे पुन्हा कामी येते.

एका डिझेल मेळाव्यात सकाळी सहाच्या सुमारास मला इंजिन सुरू होताना जवळून बघायला मिळालं. थंडी मी म्हणत होती. मला वाटलं किल्ली फिरवतील. पण आदल्या रात्रीपासूनच कूलंट बाहेरच्या हीटरने गरम होत होतं, कारण थंड इंजिन सुरू केलं तर वेगवेगळे धातू वेगवेगळ्या गतीने फुगतात आणि सीलांवर ताण येतो. मग एक सत्तरीचे गृहस्थ बॉयलरसूट घालून आत शिरले. त्यांनी आधी हात लावून नळ्या तपासल्या, तापमापक असतानाही. मग वंगणाचा पंप सुरू केला. इंजिन फिरण्याआधी तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचलं पाहिजे, म्हणून काट्याकडे बघत थांबले. घाई नाही. एरवी वीज तयार करणाऱ्या जनरेटरलाच सुरुवातीला बॅटरीची वीज देतात, तो मोटार होऊन इंजिन फिरवतो. दिवे मंदावले, खालून एक जड कण्ह ऐकू आला, दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि मग पायाखालची जाळी थरथरू लागली. एकच इंजिन. दुसरं लगेच नाही. बॅटरीला दम घेऊ द्यायचा.

ते गृहस्थ बाहेर आले तेव्हा तेलकट बोटांनी मला विचारलं की तू कुठला. मी म्हटलं भारत, आमच्याकडे आल्को, म्हणजे तोच डब्ल्यूडीएम-२. त्यांनी आल्कोच्या हेडबद्दल जे विचारलं त्यावरून कळलं की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहिती आहे. पेशाने ते शाळेत गणित शिकवायचे. डेल्टिकचं काम त्यांनी निवृत्तीच्या कितीतरी आधी, शनिवारी-शनिवारी येऊन, जुन्या रेल्वे फिटरांच्या हाताखाली शिकलं होतं. ते फिटर आता नाहीत. हेही तासांसारखंच आटत जाणारं खातं, फक्त यात भर घालता येते. त्यांच्यामागे एकविशीची एक मुलगी पाना घेऊन उभी होती, आणि दुसरं इंजिन तिने सुरू केलं.

हेरिटेज मार्गावर चालवणं त्या मानाने सोपं. मुख्य मार्गावर परत जायचं म्हणजे वेगळी परीक्षा. तिथे हौशी मालकाला हँडलला हात लावता येत नाही. परवाना असलेली रेल्वे कंपनी लागते, तिचा प्रशिक्षित चालक लागतो. लोकोवर आधुनिक सुरक्षा यंत्रणा बसवाव्या लागतात. लाल सिग्नल ओलांडला तर आपोआप ब्रेक लावणारी, चालकाने काय काय केलं याची नोंद ठेवणारी, आणि कंट्रोलशी बोलायचा डिजिटल रेडिओ. मुंबई लोकलमधली एडब्ल्यूएस किंवा आताचं कवच ज्या कुळातलं, त्याच कुळातली ही मंडळी. १९६१ च्या केबिनमध्ये त्यांना जागा करून देणं म्हणजे आजोबांच्या लाकडी कपाटात वायफाय राउटर बसवणं.

'रॉयल स्कॉट्स ग्रे'ने हे सगळं करून १९९६ च्या नोव्हेंबरअखेर मुख्य मार्गावर पुनरागमन केलं. त्यानंतरची त्याची कारकीर्द मला मूळ कारकिर्दीपेक्षा रंजक वाटते. व्हर्जिन कंपनीला उन्हाळ्याच्या शनिवारी बर्मिंगहॅम ते रॅम्सगेट गाडीला लोको कमी पडत होते, तर तिने हा भाड्याने घेतला. समुद्रावर सुट्टीला निघालेल्या साध्या प्रवाशांना पत्ता नव्हता की पुढे काय जोडलंय, आणि त्याच गाडीत फक्त खिडकीतून डोकं बाहेर काढून आवाज ऐकायला आलेले शेकड्यांनी. मग मालक संस्थेचं दिवाळं, नवे मालक, पुन्हा दुरुस्ती, आणि २०११ मध्ये त्या अल्युमिनाच्या मालगाड्या. लाइनमथचा कारखानाच पुढच्या वर्षी बंद झाला. म्हणजे हा पेन्शनर ज्या कारखान्यात कामाला गेला, तो त्याच्या आधी निवृत्त झाला.

पुढचा अडथळा इंजिनाचा नाही. पूर्व किनाऱ्याच्या मार्गाच्या दक्षिण टोकाला, लंडनकडून उत्तरेला, रुळांकाठचे सिग्नल काढून ते थेट चालकासमोरच्या पडद्यावर दाखवण्याचं काम चालू आहे. ईटीसीएस म्हणतात त्याला. ते पूर्ण झालं की ज्या लोकोत तो पडदा नाही, त्याला त्या भागात प्रवेश मिळणार नाही. वाफेच्या 'टॉर्नेडो' लोकोवर प्रायोगिक म्हणून ही यंत्रणा बसवायला घेतली, म्हणजे अशक्य नाही. पण खर्च, वायरिंग, जागा, चाचण्या यांचा विचार केला तर डेल्टिकवाल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. किंग्ज क्रॉससाठी जन्मलेल्या लोकोला किंग्ज क्रॉसलाच मज्जाव होण्याची वेळ आहे.

त्या मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी शेवटची फेरी करून लोको शेडमध्ये आला. दोन्ही इंजिनं लगेच बंद केली नाहीत, थोडा वेळ घुमू दिली, तापमान उतरू दिलं. मग एक बंद केलं. दोन सुरांच्या लाटा थांबल्या आणि एकच सूर उरला. मग तोही. गणिताचे मास्तर केबिनमध्ये वही घेऊन बसले आणि प्रत्येक इंजिनापुढे आजचे तास लिहू लागले. 'ए'पुढे लिहिलेला आकडा त्यांनी खोडला. दुपारी एका फेरीला 'ए' बंद ठेवून नुसत्या 'बी'वर गेलो होतो, त्याचे पन्नास मिनिटं वजा करायची राहिली होती.